भरतीला बांधलेली होडी

खाडीतली होड्यांची वाट साफ ठेवायला दर हंगामात शिकाऊ पोरं येतात. माझी जुनी होडी त्यांना दिली खरी, पण माझा जीव तिच्यातच. आज भरतीला त्यांच्यातली एक मुलगी ती धक्क्याशी बांधू लागली, तशी मी संशयाने बघत राहिले. मीही घाटावरून नवी सून होऊन आले तेव्हा मोठ्या तोऱ्यात आखूड दोराने होडी आवळली होती. ओहोटीला ती अधांतरी लोंबकळली. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, बोंबलांसारखी होडीही वाळत घातलीस?"

मुलगी थबकली. "आजी, इथे पाणी किती उतरतं?"

मी तेव्हा हे कुणाला विचारलंच नव्हतं. अक्कल कमी दिसली असती ना!

मी सांगितलं, तेवढा दोर तिने सैल सोडला. तरी ओहोटीला जाऊन पाहिलंच. होडी चिखलावर निवांत बसलेली. मुलीला हसायची सोयच उरली नाही, म्हणून मग त्या तोरेवाल्या सुनेलाच पुन्हा हसले.