वेणूबाईंना चोर हवा होता

नवीन पनवेलच्या वेणूबाई दातारांनी एक विज्ञान कादंबरी लिहिली होती. त्यांच्या इमारतीत हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि ज्या नातेवाइकांना ठाऊक होतं त्यांनी ती वाचली नव्हती. शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना, ऑफ तासाला बाकीच्या शिक्षिका स्वेटर विणत बसत, तेव्हा बाईंनी ‘धूमकेतूच्या माजघरात’ लिहून काढली. प्रकाशकानं ती छापली आणि वर्षभरात दुकानच गुंडाळलं. उरलेल्या प्रती बाईंच्या दिवाणाच्या पोटात गेल्या. ज्यांना भेट दिल्या त्यांनी मुखपृष्ठ छान असल्याचं कळवलं. खुद्द दातारसाहेब तर यान उडायच्या आधीच झोपून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, पुन्हा त्याच जागी घोरणं. त्यांच्या हयातीत ते यान काही उडालं नाही.

बाईंना याचं फार वाईट वाटे. बक्षीस नको, सत्कार नको, पण एका तरी माणसानं शेवटच्या पानापर्यंत जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सत्तरी उलटली तरी ती तशीच राहिली होती.

मग खालच्या मजल्यावरची कीर्ती कामोठ्याला एका हळदीला जाऊन आली. यजमान भावेश घरत हा फ्लॅट विकून देणारा एजंट. त्यानं एक कादंबरी लिहून स्वखर्चानं छापली होती आणि पुतणीच्या हळदीत पाहुण्यांना भेट म्हणून तीच वाटली. लोक बिचारे स्टीलच्या डब्याच्या आशेनं थांबले होते. कीर्तीनं आपली प्रत वर आणून बाईंना दिली, कारण बाईंकडे पुस्तकांचं कपाट होतं आणि तिच्याकडे ती ठेवायला जागा नव्हती.

‘मायावी गरुडगड’ हे नाव वाचूनच बाईंनी नाक मुरडलं. जादू, शाप, राक्षस हे प्रकार त्यांच्या शिस्तीत बसत नसत. पण पुस्तक उघडलं आणि त्या चक्रावल्या. इथले ऋषी गरुडावर बसले की आधी कमरेचा पट्टा आवळत. उड्डाणापूर्वी दहापासून उलटे आकडे मोजत. ढगांच्या वर गेल्यावर ऋषींचा कमंडलू हवेत तरंगू लागला, तरी कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. पुढे एक वेताळ आला. तो मालकाचा शब्द खाली पडू देत नसे, मोठमोठे गुणाकार तोंडी करी, आणि रोज दिवेलागणीला त्याच्या गुडघ्यांना खोबरेल चोळावं लागे, नाहीतर ते करकरत.

खोबरेलापाशी बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. यान कुणालाही सुचेल, उलटे आकडेही सुचतील. पण यंत्रमानवाच्या गुडघ्यांना दिवेलागणीला खोबरेल लावायची कल्पना त्यांची, अगदी त्यांची होती. दुसरं कुणी असतं तर वकील गाठला असता. बाईंना मात्र आनंदानं घाम फुटला. चोरी झाली, म्हणजे कुणीतरी वाचलं होतं. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली आणि कामोठ्याची रिक्षा केली.

भावेशला वाटलं, बाईंना वन बीएचके हवा आहे. त्यानं उलव्याची दोन माहितीपत्रकं पुढे सरकवली आणि विमानतळाचं कौतुक सुरू केलं. बाईंनी माहितीपत्रकांवर दोन्ही कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि गोड आवाजात विचारलं, की हे तुम्ही माझ्या पुस्तकावरून घेतलंत ना? भावेशचा चेहरा पांढरा पडला.

“आमी पुस्तकं वाचतच नाय, बाई,” तो म्हणाला. “मना सगला सपनात दिसला.”

हा खरं बोलत असेल तर बाईंचं पुस्तक अजूनही कुणीच वाचलेलं नव्हतं. त्यांनी समजुतीचा सूर लावला. उसनं सगळेच घेतात, म्हणाल्या. जादूच्या कादंबऱ्या तर विज्ञानकथांच्या जिवावरच पोसल्या आहेत. अग्निबाणाला पंख लावले की झाला गरुड, यंत्रमानवाला कवटी बसवली की झाला वेताळ. मी तरी कुठे वेगळं केलं? यान एका इंग्रजी कादंबरीतून उचललं, यंत्रमानव प्रदर्शनात स्वस्तात मिळालेल्या रशियन पुस्तकातून, फक्त खोबरेल माझं. शेजारणीची वाटी आणली तर ती रिकामी परत करू नये, आपलं काहीतरी घालून द्यावं, एवढाच यातला नियम.

एवढं मोठं मन पाहून भावेश जास्तच घाबरला. बाईंच्या पर्समध्ये फोनवर रेकॉर्डिंग चालू असणार, अशी त्याची खात्री झाली. त्यानं पर्सकडे तोंड करून, शब्द सुटा सुटा उच्चारत पुन्हा जाहीर केलं, की आपण शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक वाचलेलं नाही. बाईंनी गोडीनं विचारलं, दरडावून विचारलं, शेवटी हात जोडून विनवलं, की बाबा रे, चोरी केलीस म्हण. तो बधला नाही.

मग बाईंचं अवसान गळालं. त्या उठल्या आणि आपलं पुस्तक उचलून दाराकडे निघाल्या. भावेशनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण बऱ्याच दिवसांपासून त्याच्या मनात काहीतरी खदखदत होतं आणि समोर पाठमोरी उभी होती ती गुन्हेगार बाई.

“पन त्या सदूला तुमी धूमकेतूवर एकटा सोरून आलात,” तो म्हणाला, “ता बरोबर नाय केलात.”

बाई जागीच थांबल्या. सदू हे यंत्रमानवाचं नाव त्यांनी इथे एकदाही घेतलं नव्हतं. आणि सदूला सोडून यान परत निघतं ते थेट शेवटच्या पानावर.

आता भावेशला थांबवणं शक्य नव्हतं. एका रिकाम्या फ्लॅटच्या माळ्यावर हे पुस्तक सापडल्याचं त्यानं सांगून टाकलं. ते वाचून त्याला जेवण गेलं नव्हतं. बायकोनं विचारलं तर काय सांगणार, धूमकेतूवर एक जण राहिलाय म्हणून? सदूला घरी आणायचाच, एवढ्यासाठी त्यानं आख्खा गरुडगड रचला होता. त्याच्या कादंबरीत वेताळ शेवटी गरुडाच्या पाठीवर बसून परत येतो आणि राजाची आई स्वतः त्याच्या गुडघ्यांना तेल चोळते.

बाईंचे डोळे भरून आले. पण आयुष्यभराची मास्तरकी गप्प बसेना. त्यांनी डोळे पुसता पुसता सुनावलं, की सदूचं वजन फार होतं, त्याला घेतलं असतं तर परतीला इंधन पुरलं नसतं.

“बाई, कादंबरी तुमचीच व्हती ना?” भावेश म्हणाला. “मंग थोरा जास्त भरायचा.”

वेणूबाई दारापासून परत आल्या, खुर्ची टेबलाजवळ ओढून नीट टेकून बसल्या.

“आणखी काय काय आवडलं नाही?” त्यांनी विचारलं.