खुर्ची आणली की बसायचं

माझे सासरे त्र्यंबक खानझोडे यांना 'नको' म्हणता येत नाही. नागपूरला जिल्हा परिषदेत नोकरी होती तोवर ते एकाच न्हाव्याकडे जायचे. तो दर वेळी डावा कल्ला उडवायचा, पण दुसरीकडे गेलं तर त्याला वाईट वाटेल ना! इथे टेक्सासमध्ये, शुगर लँडला, आमच्याकडे कायमचे राहायला आले, तरी तेच. रेस्टॉरंटमध्ये दुसऱ्याची डिश समोर ठेवली तर मुकाट्याने खातात, वर 'व्हेरी नाइस, थँक यू' म्हणतात. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "भीड भिकेची बहीण. आमच्या घरी दोघी नांदतात."

आता व्हीलचेअरचं. आपल्याकडचे आईवडील अमेरिकेला येतात ते बहुतेक व्हीलचेअरवरूनच. तिकीट काढताना मीही ती मागून घेते. चालता येत नाही म्हणून नव्हे. गेट सापडत नाही, रांग लांबलचक, ऑफिसर काय विचारेल याची धास्ती. खुर्ची ढकलणारा सगळं निभावून नेतो, आणि बाहेर आम्ही दिसलो की मंडळी टुणकन उठून बॅगा उचलतात. याला आपण लबाडी म्हणत नाही, सोय म्हणतो. बाबांच्या अंगी ही सोय इतकी मुरली की कुणी खुर्ची आणली की बसायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

शेजारी व्हेल्मा राहते. ऐंशी ओलांडलेली, टेक्सासचीच, बोलणं मोजकं आणि तिखट. लहानपणी पोलिओ झाला. पुढे बरीच वर्षं ती पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर लावून चालली, पण म्हातारपणी पायांनी पुन्हा दगा दिला आणि खुर्ची आली. रोज संध्याकाळी बाबा तिला तळ्याभोवती फिरवून आणतात. तो म्हणे त्यांचा व्यायाम!

मागच्या ऑक्टोबरात तिने बाबांना सांगितलं की गावाबाहेरच्या माळावर मोठा तंबू लागलाय, तिला एकदा तिथे जायचंय. पन्नासच्या दशकात असेच तंबू गावोगाव फिरायचे. प्रार्थनेने आजार बरे करणारे पास्टर यायचे, आणि आंधळे, पांगळे, खोकणारे, सगळे रांगा लावायचे. तेव्हाच्या एका पास्टरचा नातू आता तसाच तंबू घेऊन आला होता. व्हेल्माचे वडील तिला ट्रकमध्ये घालून अशा प्रत्येक तंबूत नेत असत. "बरी व्हायला नाही जायचं मला," ती म्हणाली. "फक्त बघायचंय."

बाबा 'नको' म्हणणार थोडेच! रविवारी दुपारी मी दोघांना घेऊन गेले. गाडी लांब लावावी लागली. बाबांनी तिची खुर्ची गवतातून ढकलत नेली आणि तंबूच्या दाराशी पोचेपर्यंत घामाघूम होऊन धापा टाकू लागले. दारावरच्या स्वयंसेवकाने लगेच एक रिकामी व्हीलचेअर पुढे केली. "बसा सर, मी नेतो." मुलगा सज्जन होता, त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बाबा 'थँक यू' म्हणून बसले. तो त्यांना थेट पहिल्या रांगेत घेऊन गेला. व्हेल्माला मात्र दुसऱ्याने नम्रपणे सांगितलं, की ज्यांची स्वतःची खुर्ची आहे त्यांनी बाजूला बसायचं. मी तिच्याजवळ थांबले.

"तेव्हाही असंच होतं," ती म्हणाली. "खरे पांगळे बाजूला."

गाणी झाली, टाळ्या झाल्या. पास्टर खाली उतरून पहिल्या रांगेपाशी आला. त्याने बाबांचा हात हातात घेतला आणि गरजला, "उठा!" बाबा उठले. कुणी उठा म्हटलं की ते उठतात. "चाला!" बाबा चालले. चांगले ताठ चालले, रोज तळ्याभोवती चालतात तसे. तंबू दणाणून गेला. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. "हे चालतच आलेत हो!" मी ओरडले, पण माझं मलाही ऐकू आलं नाही. पास्टरने माइक पुढे केला. "काय वाटतंय, सांगा सगळ्यांना!"

बाबांनी भांबावून हात जोडले. "व्हेरी नाइस," ते म्हणाले. "थँक यू."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि एवढ्यावरच भागलं नाही. बाबांच्या शेजारी एक बाप आपल्या सातआठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसला होता. तिच्या दोन्ही पायांना कॅलिपर होते. पास्टर तिला म्हणाला, "पाहिलंस ना या आजोबांना? यांनी विश्वास ठेवला." बापाने तिचे पट्टे सोडले. ती उभी राहिली, क्षणभरच. मग गुडघे मुडपले आणि बापाने तिला वरच्यावर झेललं. पास्टर पुढच्या माणसाकडे गेला.

व्हेल्माने डोळे मिटून घेतले होते.

गाडीपाशी आलो तरी बाबा अजून ओशाळं हसत होते. "अगं रुचा, ते सगळे इतके खूश झाले होते, मध्येच कसं सांगायचं? लोकांचा विरस झाला असता." माझं डोकं फिरलं. आजवर सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता, तो तेव्हा चढवला. "बाबा, ती मुलगी पडली! तुमच्याकडे बघून उठली आणि पडली!"

व्हेल्माने मला हाताने थांबवलं. मग बाबांना म्हणाली, "मी तिच्याएवढी होते. पहिल्या रांगेत तपकिरी सूट घातलेला एक माणूस खुर्चीतून उठला आणि चालला. पास्टरने मला विचारलं, याचा विश्वास आहे, तुझा का नाही? मी कॅलिपर काढले आणि पडले. घरी जाताना वडील एवढंच बोलले, तू मनापासून मागितलं नाहीस. मरेपर्यंत त्यांना तेच वाटत राहिलं, आणि मलाही. त्या माणसाकडे असं काय होतं जे माझ्याकडे नव्हतं, हे मी आयुष्यभर शोधत आलेय. आज कळलं. त्यालाही कदाचित आधीपासून चालता येत असेल. कुणीतरी खुर्ची दिली असेल आणि भिडेने बसला असेल बिचारा."

बाबांचं हसू मावळलं. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिला नव्हता.

"जा, तिला सांगा," व्हेल्मा म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही."

त्या मुलीच्या बापाची गाडी निघायच्या बेतात होती. बाबा अक्षरशः धावत गेले, मी त्यांच्या मागे. मुलगी मागच्या सीटवर बसली होती, पाय उघडेच. बाबांनी काचेवर टकटक केली. "सर, मला आधीपासून चालता येतं. मी तिथे चालतच आलो होतो. दमलो होतो म्हणून बसलो."

बाप गाडीतून उतरला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "हा सैतान बोलतोय सर. तुम्हाला जे मिळालंय ते तो असंच हिरावून घेतो. घट्ट धरून ठेवा." आणि तिथेच डोळे मिटून त्याने बाबांसाठी प्रार्थना केली, अगदी मनापासून. प्रार्थना संपली तेव्हा बाबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थँक यू."

ते ऐकून त्यांचे तेच दचकले.

मुलगी काच खाली करून त्यांच्या बुटांकडे बघत होती. "तुम्ही कसं केलंत?" तिने विचारलं. नव्याने सायकल शिकणारं पोर विचारतं ना, तसं.

"मी काही नाही केलं गं बाळा," बाबा म्हणाले. "काल पण चालता येत होतं. परवा पण. तुझं काही चुकलं नाही." बापाने आत बसून काच वर केली आणि गाडी निघून गेली.

परतताना व्हेल्माने विचारलं, "ऐकलं का बापाने?"

"नाही."

"आणि तिने?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे तोंड वळवून बसले. मी आरशात बघायचं टाळलं. खुर्चीची ती सवय त्यांना कुणी लावून दिली, हे मला ठाऊक होतं.

जानेवारीत ते महिनाभरासाठी नागपूरला निघाले. तिकीट मी काढलं होतं, आणि हात सवयीचा गुलाम. विमानतळावर काउंटरपाशी एक बाई व्हीलचेअर घेऊन आली आणि तिने हाक मारली, "मिस्टर खानझोडे?"

"नको," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "मला चालता येतं."

इतक्या मोठ्याने म्हणाले की रांगेतले लोक वळून बघू लागले. ती बाई "नो प्रॉब्लेम, सर" म्हणून खुर्ची घेऊन पुढच्या आजींकडे गेली. तिला त्याचं काहीच नव्हतं. बाबा मात्र तिच्या पाठीकडे बघत तिथेच उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले, "मला चालता येतं. आधीपासून येतं."