नॉनस्टॉप कॅसेटवरची धमकी

धमकीची कॅसेट माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच हाती आली आणि ते प्रकरण विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. निमगाव केतकीचे एक बागायतदार सकाळीच दोन्ही मुलांना घेऊन ठाण्यात आले. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि दारात कोणीतरी कॅसेट टाकून गेलं होतं. ठाणे अंमलदाराने ती टेपवर लावली. जड, घोगरा आवाज आला, "लगीन मोडा. न्हायतर पोरगी तुमाला जित्ती दिसायची न्हाय."

"बहिणीच्या वर्गात एकजण हुता, आता लोणी देवकरला कंपनीत हाय. त्योच ह्यो!" थोरला भाऊ म्हणाला. "तुमी धरताय का आमी धरू?"

त्यांनी धरला असता तर तो पोरगा धड राहिला नसता. मी जीप पाठवून त्याला आधी ठाण्यात आणला. खोटं बोलणारा माणूस आईबापाच्या शपथा घेतो, नवनव्या गोष्टी रचतो. हा मात्र एकच वाक्य धरून बसला होता, "साहेब, कॉलेज सुटल्यापासनं मी तिला बघितलंबी न्हाय." दुपारपर्यंत फाटकासमोर भावकी जमली. काहींच्या हातात ऊसतोडीचे कोयते होते. मी फाटक लावून घेतलं आणि कॅसेट पुन्हा लावली, या वेळी शेवटपर्यंत.

धमकी संपली, थोडी खरखर झाली आणि एकदम नाचाची गाणी सुरू झाली. एक संपायच्या आत दुसरं. त्या काळात या नॉनस्टॉप कॅसेटींनी नुसता धुमाकूळ घातला होता. त्यांच्याशिवाय एकही वरात निघत नसे. आमचा एक खबऱ्या लग्नांत स्पीकर लावायचा. त्याला बोलावून ऐकवलं. दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी "बारामतीचा धमाका!" असं ओरडलं आणि तो लगेच म्हणाला, "साहेब, ह्यो वरडणारा मला ठावं हाय. दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून ह्यो मधी मधी बोंबलतो."

फाटकावर शिपाई ठेवून मी बारामती गाठली. कॅसेटी भरून विकणारा तो दुकानदार मोठा बढाईखोर निघाला. माळेगावपासून अकलूजपर्यंत आपल्याच कॅसेटी वाजतात, हे त्याने मी न विचारताच सांगितलं. मी धमकी ऐकवली. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"ही कॅसेट कोणी भरली?"

"मीच भरली, साहेब. पडून राहिलेल्या नॉनस्टॉप कॅसेटवर. पण ते नाटकासाठी हुतं! ग्यादरिंगमधल्या राक्षसाचा आवाज पायजे म्हणाली."

"म्हणाली? कोण?"

"एक पोरगी. बोललीबी तीच."

वरातीसाठी गाण्यांचा वेग वाढवायचं एक बटण त्याच्या यंत्रावर होतं. त्या दिवशी त्याने ते उलटं फिरवून आवाज जड केला होता. आता त्याने ते सुलटं फिरवलं. तेच शब्द, एका मुलीच्या कापऱ्या आवाजात. लगीन मोडा, न्हायतर पोरगी तुमाला जित्ती दिसायची न्हाय.

ही धमकी नव्हती, नवरी मुलगीच स्वतःबद्दल बोलत होती. आणि घरचे सगळे पुरुष माझ्या फाटकासमोर उभे होते. मी तिथूनच फोन करून महिला शिपायाला जीपने निमगावला पाठवलं. मुलगी मळ्यातल्या विहिरीजवळ बसलेली सापडली. शिपायाने तिचा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

दुकानदाराला यंत्रासकट ठाण्यात आणलं. दोन्ही भावांना बाहेर ठेवून फक्त बापाला आत घेतलं आणि तो आवाज ऐकवला.

"मला हे लगीन करायचं न्हाय, असं तोंडावर सांगितलं हुतं तिनं. तवा मी हसलो," ते म्हणाले. "बाप्या माणसाच्या आवाजात ऐकलं, तवा पळत तुमच्याकडं आलो."

लग्न मोडलं. कंपनीतल्या त्या पोराला मी स्वतः जीपने घरी सोडला. पुढे सीडी आल्या, नॉनस्टॉप कॅसेटी भंगारात गेल्या आणि त्या दुकानात मोबाइल विकायला लागले. मी मात्र एक सवय लावून घेतली. ठाण्यात एखादी बाई हळू आवाजात काही सांगू लागली, की मी आधी खडखडणारा पंखा बंद करायला सांगत असे.