वाक्य बरोबर आहे

तुमच्या आईचं काम फळ्यावर लिहून, हे कसं सुधारायचं, असं कुणी भर वर्गात विचारलं आहे का?

माझ्या आईचं विचारलं. रत्नागिरीत, वरच्या आळीतल्या एका सरांच्या ओटीवर. मे महिना होता. जूनमध्ये कॉलेजची इंग्रजीची चाचणी होती. अकरावीला वरच्या तुकडीत बसायचं की खालच्या, ते त्या चाचणीवर ठरायचं. वरच्या तुकडीला इंग्रजी शिकवायचे. खालच्या तुकडीला नुसतं बसवून ठेवायचे. मला वरची तुकडी हवी होती. भूक लागते तशी हवी होती.

सर सुट्टीत तयारी करून घेत. व्याकरण आणि वाक्यसुधारणा. सरांच्या आंब्याच्या बागा होत्या. ओटीवर वकिलांची, कारकुनांची, बागायतदारांची मुलं बसायची. मी बंदरावरच्या मासेमारांच्या वस्तीतली, मिरकरवाड्याची. मी सगळ्यांत खालच्या पायरीवर, चपलांशेजारी.

सरावाचं पुस्तक एकच होतं. ते हातोहात फिरायचं. माझ्या हातात यायचं नाही. सकाळी मी आईबरोबर बंदरावर जायची; ती लिलावात मासे घ्यायची, मी शेडमध्ये कोळंबी सोलायची. बर्फातली कोळंबी. बोटांची टोकं पांढरी पडायची, सालं निघायची. तिथून थेट क्लासला. पहिल्याच दिवशी सरांनी मला परसात नेलं आणि माझ्या हातांवर फिनेल ओतलं. सोलवटलेल्या बोटांवर. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी ओरडले नाही. मला वाटलं, आता पुस्तक मिळेल.

नाही मिळालं. शाळेत माझ्याच बाकावर बसणारी शुभदा ते माझ्यासमोर उघडून धरायची. मी मान हलवली की पान उलटायची.

"हात लावायचा नाही," सर मला सांगायचे. रोज.

अक्षरं मी शाळेत शिकले. वाचायला शिकले ती मामाच्या पत्रकांवर. गिरणी बंद पडल्यावर मामा मुंबईहून परतला तो संपाच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन. गुलाबी, पिवळे, हलके कागद. त्यातली वाक्यं छोटी असायची. ती कुणाची माफी मागायची नाहीत. त्यामुळे सरांनी घराबद्दल उतारा लिहून आणायला सांगितलं, तेव्हा मी तशीच वाक्यं लिहिली. इंग्रजीत. शब्द शब्द तपासून.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा कागद पेन्सिलीच्या टोकाने पुढे ओढला. वाचला. हसले. मग त्यातलं एक वाक्य फळ्यावर उतरवलं. मराठीत ते असं होईल: माझी आई बंदरावर मासे विकते आणि लिलावात पुरुषांना मागे सारते.

"व्याकरण बरोबर आहे हो," सर म्हणाले. "पण वाक्य सभ्य नाही. सुधारा बघू."

वकिलांचा मुलगा म्हणाला, "सर, आधी धुवायला लागेल."

"घरातलं सगळं फिनेल संपेल रे," सर म्हणाले.

ओटी हसून लोळली. मग सगळेच सुधारायला पुढे आले. एकाने मासे काढून फुलं घातली. एकीने लिलाव काढला. कुणी बंदर काढून देवघर आणलं. हळूहळू फळ्यावर एक बाई उभी राहिली. शांत, घरात बसणारी, हळू बोलणारी. ती कुणाची आई होती, मला माहीत नाही. माझी नव्हती. माझ्या आईला त्यांनी एकेक शब्द ओढून काढून मारून टाकलं होतं, आणि ते मारणं म्हणजे अभ्यास होता.

सरांनी डस्टर पुढे केलं. वरचं वाक्य तूच पूस, म्हणाले, आणि खालचं मोठ्याने वाच.

मी पायऱ्या चढले. पहिल्यांदाच त्या ओटीवर पाय ठेवला. डस्टर घेतलं. जमिनीवर ठेवलं.

"सर, वाक्य बरोबर आहे."

लाकडी पट्टी बोटांवर बसली. तीच बोटं. कातडं फुटलं. दुसऱ्या फटक्याला रक्त फळ्यावर उडालं. सर ओरडत होते, हा मासळीबाजार नाही म्हणून. पुन्हा पट्टी उगारली तेव्हा मी ती हवेत धरली. त्यांनी खेचली. मी खेचली. बर्फाच्या लाद्या ओढणारे हात आहेत माझे. पट्टी माझ्याकडे आली. मी ती गुडघ्यावर मोडली आणि तुकडे त्यांच्या पायांशी टाकले. फळ्यावरच्या माझ्या वाक्याकडे बोट केलं.

"हात लावायचा नाही."

ओटीवर कुणी हसलं नाही. सर अगदी हळू आवाजात बोलले. "चाचणीचे पेपर तपासायला माझ्याकडेच येतात, हे ध्यानात ठेव."

मग पोरं उठली. एकाने माझी वेणी धरली. एकाने पाठीत लाथ घातली. मी पायऱ्यांवरून खाली आले ती तोंडावर. माझ्या चपला कुणीतरी शेणाच्या खड्ड्यात फेकल्या. मी वर बघितलं. शुभदा पुस्तकात बघत होती. तिने पान उलटलं.

मेच्या उन्हात डांबरावरून अनवाणी घरी आले. आई मासे कापत होती. माझा हात बघून तिची कोयती थांबली.

"कोनी मारलान गो तुला?"

मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, माझ्याबद्दल लिवलंस तरी काय. मी तिला वाक्य मराठीत सांगितलं.

"मंग त्यात खोटा काय हाय?" आई म्हणाली. आणि कोयती घेऊनच उठली, वरच्या आळीच्या दिशेने.

मी तिला मागून मिठी घातली. ती मला फरफटत दारापर्यंत घेऊन गेली. मी सोडलं नाही. सरांची दया आली म्हणून नव्हे. तुरुंगात आई गेली असती, आणि फळ्यावर ती खोटी बाई तशीच उभी राहिली असती.

"आये, तो हिशेब माझा हाय," मी म्हणाले. तेव्हा कुठे ती थांबली.

चाचणीला मी बसले. बोटांना फडकं बांधून. घराबद्दल लिहा, असा प्रश्न होता. मी पहिलं वाक्य तेच लिहिलं. शब्दही न बदलता.

मला खालची तुकडी मिळाली.

खालच्या तुकडीत चिरेखाणीवर काम करणाऱ्याची मुलगी आहे. जिचे वडील मुंबईला गेले ते पैसेच पाठवतात, येत नाहीत, अशी भातशेतीतली एक आहे. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरचं कुठलं वाक्य सुधारलं गेलं? प्रत्येकीकडे एक निघालं. आता रविवारी आम्ही जाळ्यांच्या खोपीत बसतो. काळ, क्रियापदं, वाक्यसुधारणा, सगळं घोकतो. आम्हाला शिकवायला कुणी नाही, म्हणून आम्ही एकमेकींना शिकवतो. आई कोयतीला धार लावते तशी मी इंग्रजीला लावते आहे. त्या ओटीवर काय झालं, ते मी एक दिवस इंग्रजीत लिहीन आणि सरांच्या नावासकट छापीन. त्यात त्यांना व्याकरणाची एकही चूक सापडणार नाही.

वाचणाऱ्यांनो, माझं एक काम करा. तुमच्या गावात आत्ता कुठल्यातरी ओटीच्या शेवटच्या पायरीवर एक मुलगी बसली असेल आणि तिच्यासाठी दुसरंच कुणी पुस्तक धरून असेल. तिथे जा. ते पुस्तक काढून घ्या आणि तिच्या हातात द्या. हात धुतलेत का, विचारू नका.