मुकादमाला सांग

माझी थोरली बहीण कपडे दुरुस्त करते. नवं काही शिवत नाही. चेन बदलायची, कंबर सैल करायची, उसवलेलं पुन्हा शिवायचं, असली कामं. "लोक जाड होतात, बारीक होतात, माझं बरं चाललंय," असं ती म्हणते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, मशीनशेजारी एक लाकडी स्टूल आणि स्टुलावर एक म्हातारा बोका. राखाडी, एक कान फाटलेला. गिऱ्हाईक आलं की वरपासून खालपर्यंत असा बघायचा, जणू माप यालाच घ्यायचंय. म्हणून त्याचं नाव मुकादम. नाव ताईच्या मुलीनं ठेवलं, आणि बोकाही तिचाच. पिल्लू असताना दप्तरात घालून आणला होता.

मुलगी मोठी झाली आणि बापाशी कडाक्याचं भांडून परदेशी निघून गेली. जाताना मुकादमाचं डोकं कुरवाळलं, बापाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दार बंद झाल्यावर ताई भावजींना म्हणाली, "तुमच्यामुळे गेली." भावजी म्हणाले, "तुझ्या लाडांमुळे गेली." झालं! त्या दिवसापासून दोघांचा अबोला. वर्षं लोटली, पण एक शब्द म्हणून नाही.

आता एका घरात राहून, एका पातेल्यातली भाजी खाऊन हे कसं चालावं? चालायचं ते मुकादमामुळे. ताई स्टुलाकडे बघून म्हणायची, "मुकादम, सांग त्यांना, पाणी तापलंय." भावजी आतून म्हणायचे, "मुकादम, तिला सांग, मला ऐकू येतं." मुकादम शेपटीचं टोक हलवायचा आणि पुन्हा झोपायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरधरून हसले. मी खालच्याच मजल्यावर राहते, रोज वर जाते. रोज ऐकायला लागल्यावर हसू येईनासं झालं.

भावजींचं कोपऱ्यावर फोटो फ्रेमचं दुकान आहे. काच अशी कापतात की कड बोटाला लागत नाही. हात स्थिर आणि जीभ जड, असा माणूस. वाईट नाही हो. पण "चुकलं माझं" हे दोन शब्द घशातून वर काढायला त्यांना सात जन्म पुरणार नाहीत, आणि माझी बहीणही काही कमी नाही.

मुलगी दर रविवारी आईला फोन करायची. "आई, मुकादम कसा आहे?" हा पहिला प्रश्न. बापाचं नावसुद्धा नाही. भावजी तेव्हा मुद्दाम पुढच्या खोलीत येऊन वर्तमानपत्र उलटंपालटं करत बसायचे.

मग मुकादम पाणी प्यायला लागला. वाटी भरावी आणि वळून बघावं तर रिकामी. बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायचा. त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये नुसता चिखल. खायला राक्षसासारखं आणि अंग मात्र रोज झिजतंय, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. एक दिवस तो चालताना मागचे पाय टाचेपासून फरशीला टेकवत येताना दिसला आणि मी ताईला म्हटलं,

"ताई, याला साखर झाली असेल."

"मांजराला कुठे साखर होते? काहीतरीच तुझं!"

होते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं. दोन वेळा इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. आधी खायला घालायचं, पोटभर खाल्लं की मग मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून सुई. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, खळखळा हलवायची नाही, तळहातात हलकेच घोळवायची. गुंगी आली, झोकांड्या जायला लागल्या तर हिरड्यांना मध चोळायचा आणि तसंच उचलून आणायचं. ताई आणि भावजी समोर बसलेले, मध्ये पिंजरा. दोघं पिंजऱ्याकडे बघत माना डोलावत होते.

शेवटी बाई म्हणाल्या, "घरात एकानंच द्यायचं. एखादी वेळ चुकली तर फार बिघडत नाही. पण दिलंय की नाही अशी शंका आली तर देऊ नका. दोनदा गेलं तर या म्हाताऱ्या शरीराला झेपणार नाही."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

त्या रविवारी फोनवर मुलगी रडली. मग म्हणाली, "आई, उन्हाळ्यात मी येते. मुकादमाला बघायला येते. तोवर सांभाळ गं त्याला." मुकादमाला बघायला, असं म्हणाली. पण येते म्हणाली! ताईनं फोन ठेवला. आणि वर्तमानपत्रामागून आवाज आला, "मुकादम, तिला सांग, संध्याकाळचं इंजेक्शन मी देणार."

म्हणजे सकाळचं ताई, संध्याकाळचं भावजी. एकानंच द्यायचं ते दोघांनी वाटून घेतलं, तेही एकमेकांशी न बोलता. मी म्हटलं, "अहो, दोघं सख्खे नवराबायको ना तुम्ही? तोंडानं बोला एकदा. जिवाशी खेळ आहे हा." भावजी सिरिंजमध्ये पाणी भरून सोफ्याच्या उशीला टोचत बसले होते, सराव म्हणून. त्यांनी उशीला आणखी एकदा सुई टोचली. ताई म्हणाली, "तू लहान आहेस." मी साठीला आलेय!

एकदा तर दोघांकडूनही राहिलं. भावजींना वाटलं, आपल्याला उशीर झाला तर तिनं दिलं असेल. तिला वाटलं, ते आले म्हणजे त्यांनी दिलंच. सकाळपर्यंत मुकादमानं अख्खी बादली खाली केली. निभावलं, पण मी दोघांना फैलावर घेतलं. "तोंडं शिवलीयेत का तुमची?"

ताई दोरा दातानं तोडत म्हणाली, "शिवलेलं उसवायलाही वेळ लागतो."

पण मुकादम सुधारत होता, हे मात्र खरं. अंग भरलं, केस चमकायला लागले. एक दिवस त्यानं फरशीवरून थेट स्टुलावर उडी मारली आणि ताई टाळी वाजवून ओरडली, "बघा, बघा!" कुणाला म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नसावं. भावजी दारात उभे होते, तेही हसले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याचं शरीर आता स्वतःहून साखर आवरायला लागलंय. पुढच्या तपासणीत औषध कमी करू. तोवर जास्तच जपा."

त्याच आठवड्यात दुकानात भावजींच्या हातातून काच निसटली. शेजारचा घड्याळवाला सांगायला वर आला, "उजवा तळवा चिरलाय. टाके घालायला गेलेत. घाबरू नका." ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती उठली, मुकादमाला खायला घातलं, फ्रिजमधून बाटली काढली, तळहातात घोळवली आणि संध्याकाळचं इंजेक्शन स्वतः दिलं. "पट्टी बांधलेल्या हातानं सुई कशी धरतील ते?" म्हणाली.

"बरं केलंस. पण त्यांना सांगशील ना?"

"सांगेन."

"कुणाला? मुकादमाला?"

"नाही." ती कापडाची घडी करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "त्यांनाच सांगेन. हात कसा आहे तेही विचारेन."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आज चहा माझ्याकडून. आणि दूध आणायला खाली गेले.

पुढचं मला ताईनं नंतर सांगितलं. मी जिना उतरले आणि एक गिऱ्हाईक आलं. कुणी बँकेतली बाई, दुसऱ्या दिवशी समारंभ, ड्रेसची लांबी ठरवायची घाई. ताई गुडघ्यावर बसून तिच्या घेराला टाचण्या लावत होती, चार टाचण्या तोंडात. तेवढ्यात भावजी आले. हाताला ही मोठी पट्टी. क्षणभर थांबले, तिच्याकडे पाहिलं. ताईनं टाचण्या काढायला हात तोंडाकडे नेला, आणि तिथंच थबकली. इतक्या वर्षांनी नवऱ्याशी बोलायचं, ते एका परक्या बाईसमोर? हिला जाऊ दे, मग सांगू. भावजी आत गेले.

आत स्वयंपाकघरात बसलेल्या मुकादमाला त्यांनी ताटली दाखवली. साखरेचं मांजर ते, जेवण झालेलं असलं तरी ताटली दिसली की तोंड घालणारच. आणि त्या जखमी हातानं, डाव्या हाताचा आधार घेत, त्यांनी सुई दिली. चुकायचं नाही, ही त्यांची जिद्द. उन्हाळ्यात मुलगी यायची होती ना.

मी दूध घेऊन जिना चढत होते तेव्हा वरून आवाज आले. भावजींचा आवाज, मग ताईचा, पुन्हा भावजींचा. मी जिन्यातच उभी राहिले. देवा, बोलले एकदाचे! हसत हसत दार ढकललं.

ताई फरशीवर बसली होती, मुकादम मांडीवर. भावजी मधाच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होते. "तू दिलंस ते कधी?" "तुम्ही येण्याच्या जरा आधी." "मला सांगायचंस ना गं!" "बाई होती समोर." मुकादम अजून धडधाकट दिसत होता, मिशा चाटत होता. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

टॅक्सीत त्याची मान लटपटायला लागली. दोघं सारखे बोलत होते. "श्वास चाललाय?" "चाललाय." "तुमच्या पट्टीतून रक्त येतंय." "येऊ दे." मी पुढच्या सीटवर बसून एकाच वाक्याची वाट बघत होते, ते जुनं. तुमच्यामुळे गेला. पण ताई ते म्हणाली नाही. दवाखान्यात सलाईन लावलं. साखर चढायची आणि पुन्हा घसरायची, मग झटके यायला लागले. मला त्यांनी घरी पाठवलं. सकाळी दोघं जिना चढून आले, हातात रिकामा पिंजरा.

येतानाच इमारतीमागच्या झाडाखाली त्याला पुरून आले होते. त्यानंतर रविवार आला आणि फोन वाजला.

"आई, मुकादम कसा आहे?"

ताईनं भावजींकडे पाहिलं. भावजींनी हळूच मानेनं नको म्हटलं. ताई म्हणाली, "बरा आहे. झोपलाय बघ स्टुलावर." मी तोंड उघडणार तोच भावजींनी माझा हात घट्ट धरला आणि ताईला म्हणाले, "पोटभर जेवला म्हण." मग फोनमधून काहीतरी आवाज आला आणि ताईनं फोन त्यांच्यापुढे केला. मुलीनं बाबांना फोन दे म्हटलं होतं. तिला मागं त्यांचा आवाज ऐकू आला होता, आईशी बोलताना.

"हो," भावजी म्हणाले. डोळे वाहत होते, आवाज मात्र काचेसारखा सरळ. "छान खातोय. ये तू, वाट बघतोय."

त्यानंतर त्या घरात अबोला राहिला नाही. दोघं बोलायची, सारखी बोलायची, पण काय, तर यावेळी मुकादमानं काय खाल्लं म्हणून सांगायचं. "उडी मारली म्हणून सांगू?" "गेल्या वेळी सांगितलीस. मशीनच्या टेबलावर चढला म्हण." मला वर जायची भीती वाटायला लागली. मी एकदाच म्हटलं, "अहो, ती येणार आहे. तिला काय दाखवणार?" ताई म्हणाली, "येऊ दे तर खरी." भावजी म्हणाले, "कळलं तर येईल का ती? सांग ना, येईल?" मी खाली निघून आले.

उन्हाळा आला. ज्या दिवशी ती येणार त्या दिवशी ताईनं स्टूल धुऊन पुसून ठेवलं होतं. तिघं पुढच्या खोलीत बसलो होतो. जिन्यात बॅग आपटल्याचा आवाज आला, बेल वाजली आणि दारापलीकडून तीच हाक, दप्तर घेऊन घरी यायची तेव्हाची.

"मुकादम! ए मुकादम, कोण आलंय बघ!"

कुणीही उठलं नाही. ताई रिकाम्या स्टुलाकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मुकादम, सांग त्यांना, दार उघडा म्हणावं."

भावजींची मान खाली होती. "मुकादम," ते म्हणाले, "तिला सांग, मला नाही जमणार."