कोऱ्या भिंतीला सांगितलेलं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईला "पाणी पे अन् घरी जाय" म्हणणारी मी. म्हणून हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे, आता सुरतला नवागामात राहतो. आमचे हे कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात कारागीर. तिथल्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून माणसं नुसते ओठ हलवतात अन् समोरचा ते वाचतो. लग्नानंतर मीही तिथं बॉबिनवर धागा भरायला जायची, तेव्हा शिकले. आमचं निम्मं प्रेम असं बिनआवाजाचंच झालं!

मग यांना डिप्रेशनने धरलं. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या — फरक शून्य. काम सुटलं, जेवण तुटलं. एकदा मान खाली घालून म्हणाले, "मी नसलो तं सुटशील तू." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्यानंतर मी यांना न्हाणीचीसुद्धा कडी लावू देत नव्हते.

नव्या डॉक्टरीणबाईंनी केटामाइनचं नाव काढलं. ऑपरेशनला भूल द्यायला वापरतात तेच औषध, पण कमी प्रमाणात, सलाईनमधून, दवाखान्यातच. म्हणाल्या, "गॅरंटी नथी, बेन. पण गोळ्या लागू पडत नाहीत अशा काही पेशंटना फायदा होतो." खोटी आशा लावली नाही, तिथंच बाई मला आवडली.

यांना आतल्या खोलीत झोपवलं. डोळ्यांवर पट्टी, बीपीचं मशीन, बाई स्वतः शेजारी बसलेल्या. दार बंद. बाहेर मला रडू आवरेना. लोकांना दिसू नये म्हणून पॅसेजच्या टोकाला जाऊन कोऱ्या भिंतीकडं तोंड केलं, अन् कारखान्यातल्या सवयीनं नुसते ओठ हलवून यांच्यावर चिडले — "मले नाही सुटायचं! ऐकू येते काय? मले नाही सुटायचं!"

सलाईन संपल्यावर आत बोलावलं. पट्टी काढलेली होती, हे अजून गुंगीतच. माझ्याकडं बघून म्हणाले, "भिंतीले काहून सांगत होतीस? मले सांगायचं ना."

"काय?"

"तुले नाही सुटायचं म्हणून."

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या औषधानं तरंगल्यासारखं वाटतं, कोणाला काहीबाही दिसतं. मग यांचा बीपी पुन्हा बघत म्हणाल्या, "पण हे... हे मला नाही सांगता येणार." एवढी शिकलेली बाई, पण सरळ कबूल केलं.

त्या संध्याकाळी यांनी आपणहून चहा मागितला. कितीतरी महिन्यांनी! मी ओट्यापाशी उभी राहून घळाघळा रडले. पुढं आणखी सलाईनं झाली. गोळ्या चालूच आहेत, एखादा दिवस अजून वाईट जातो. पण हे लूमवर परतले, कडी लावून अंघोळ करतात, भाजीला नावं ठेवतात. त्या औषधाला अन् त्या बाईंना माझा दंडवत.

बाकी उत्तर मला आजही सापडलेलं नाही. डोळ्यांवर पट्टी, मधे बंद दार, अन् माझ्या तोंडासमोर फक्त भिंत. माझे ओठ वाचले कोणी?

कधी कधी मी परीक्षा घेते. यांच्याकडं पाठ करून भिंतीसमोर तेच ओठांनी बोलते. "काय पुटपुटतेस वं?" म्हणतात. काही म्हणजे काही कळत नाही यांना.

मग मी वळते, अन् मोठ्यानं सांगते.