धावपट्टीवरच्या कुरडया

सांगतो. पण खुशीनं न्हाई, हे आधी लक्षात घ्या. नातीनं वही पुढ्यात आपटली अन् म्हणाली, "आबा, तुम्ही लिहा, न्हाईतर मी माझ्या मनानं लिहीन." तिच्या मनानं लिहिलं म्हणजे उरलीसुरली अब्रूही जायची. म्हणून चौथी नापास माणूस लिहायला बसलाय. चहा तरी आणा कुणी.

शहराचं विमानतळ आमच्या शिवाराला लागून. मधे तारेचं कुंपण, अन् कुंपणाला माझ्या बाजूनं एक भोक. ते भोक ध्यानात ठेवा.

त्या विमानतळाचा इतिहास मला विचारावा. निजामाच्या काळात आमच्या आज्यानं बैलांना दगडी रूळ जुंपून ती जमीन सपाट केली. पहिलं विमान उतरलं तेव्हा आजीनं त्याला ओवाळलं. कुंकू कुठं लावावं कळेना, म्हणून तोंडावरच्या पंख्याला लावलं. निजाम गेला, गवत वाढलं, मी त्यात म्हशी राखल्या. मग सरकारनं डांबर टाकलं. पुढाऱ्यांची विमानं आली. काही दिवस तिकिटाचंही आलं अन् बंद पडलं. पुढं अर्धा गाव तिथं मोटारसायकल शिकला.

एवढं मला पाठ. पण ऐकतो कोण? पारावर मी "आमच्या आज्यानं" म्हटलं की माणसं चपला शोधायला लागतात. एकदा, एकदाच, कुणी सरकारी माणसानं समोर बसून हे सगळं ऐकावं, एवढीच माझी हौस होती. ही हौस मी मेहुण्याला बोललो होतो. मेहुणा म्हणजे सोपान, विमानतळावरचा वॉचमन.

एप्रिलात सोपान घरी आला. हातात एक जाडजूड कागद.

"दाजी, हे वाचा. वाचल्याबिगर ठिऊ नका," म्हणाला, गालात हसला अन् सायकलवर टांग टाकून गेला.

चष्मा घरात, मी ओसरीवर. आता तुम्हीच सांगा, उन्हातान्हाचं उठणार कोण? तेवढ्यात कारभारणीनं पहिली कुरडई पाडून बघायला काहीतरी गुळगुळीत मागितलं. दिला कागद. कुरडई झकास पडली.

ह्याच वहीवाल्या नातीचं लग्न ठरलं होतं, अन् रुखवताच्या कुरडया करायच्या होत्या. पण गच्चीवर माकडं! मागच्या साली पापडाची चळत घेऊन लिंबावर पंगत बसली होती त्यांची. तेव्हा माझ्याच डोक्यातून ते निघालं. माकड न्हाई, शेळी न्हाई, सपाट काळं डांबर, तव्यासारखं तापलेलं. कुठं? भोकापलीकडं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चीक घेऊन आत शिरलो. लांब गेटाकडं मांडव दिसला, भोंगा वाजत होता. लग्नसराई हाय, म्हटलं, असंल कुणाचं. धोतरं जोडून लांब पट्टा केला. वाऱ्यानं उडायला लागला, तर कारभारणीनं दुसरा पट्टा त्याच्यावर तिरपा टाकला अन् मधे दगड ठेवला. त्यावर ओळीनं कुरडया पाडल्या. कालची कागदावरची ओलीच होती, तीही कागदासकट मांडली.

अन् घरघर आली. वर बघतो तर विमान! खाली आलं, वर गेलं, वळलं, परत आलं. मी टॉवेल फिरवून "हाऽऽ हाऽऽ" केलं, ज्वारीवरची पाखरं हाकलतात तसं.

"अवं, तुमच्या आज्याची गोष्ट ऐकाया आलंय जणू," कारभारीण म्हणाली.

तिसऱ्या चकरेला विमान सरळ नांदेडच्या दिशेनं निघून गेलं. मी छाती काढून उभा. एवढं मोठं धूड टॉवेलाला भ्यालं की न्हाई?

मग जीप आली. जीपमधून एक साहेब उतरले, मागून सोपान, मान खाली घातलेला. साहेब शांत होते. शांत साहेब लई वाईट. म्हणाले, धावपट्टीवर पांढरी फुली दिसली की वैमानिक समजतो, पट्टी बंद आहे, उतरायचं नाही. सकाळी जीप फिरवून सगळं तपासलं होतं, त्यानंतर ही फुली आली कुठून? इतक्या वर्षांनी विमानतळ पुन्हा सुरू होत होतं अन् पहिलंच विमान, आतल्या पाहुण्यांसकट, परत गेलं होतं.

मी धोतरांकडं पाहिलं. फुलीच होती. चांगली ठसठशीत.

साहेबांनी वाकून तो कागद उचलला. कुरडईच्या कडेकडेनं वाचायला लागले, "उद्घाटनाच्या समारंभात विमानतळाच्या इतिहासाचे जाणकार, ज्येष्ठ शेतकरी श्री... यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मधलं नाव कुरडईखाली गेलंय. कोण हे गृहस्थ?"

सोपान म्हणाला, "हेच."

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांनी मला मांडवात नेलं, त्या सत्काराच्याच खुर्चीत बसवलं अन् समोर बसून वही उघडली. जबाब घ्यायला! पण सरकारी माणूस समोर बसलेला, हातात पेन. म्हटलं, आता सोडायचं न्हाई. आज्यापासून धरलं. रूळ, कुंकू, म्हशी, डांबर, सगळं सांगितलं. साहेबांनी मधे एकदाही तोडलं न्हाई. शेवटी वाचून दाखवलं अन् अंगठा की सही विचारलं. माझ्या आख्ख्या इतिहासातलं त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं, "मी धावपट्टीवर कुरडया वाळत घातल्या."

सही केली. दुसरं काय करता?

गाव म्हणतं, चूक तुझी. कारभारीण म्हणते, तुमची. नात तर वहीत डोकावून हसून राहिली. मी म्हणतो, कागद देऊन गालात हसण्यापेक्षा माणसानं दोन शब्द तोंडानं सांगावेत! तेवढ्यासाठी एक माणूस माझी माफी मागायचा अजून राहिलाय. सोपान.